थॅक्रे : एका आडनावाचा माग

माझ्या सासरचं आडनाव थॅक्रे. इंग्रजी स्पेलिंग टी, एच, ए, सी, के, आर, ए, वाय. माहेरी डोंबिवलीला गेले की बँकेत, लग्नकार्यात, कुठेही हे नाव वाचून पहिला प्रश्न येतो, "ठाकरे का? कुठले?" उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मात्र हे नाव इतकं घरचं आहे की त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. तिथलं वैद्यकशास्त्राचं संग्रहालयच थॅक्रे नावाचं आहे. १९०२ साली लीड्समध्ये सुरू झालेल्या, शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीवरून ते नाव आलं.

घरात या नावाबद्दल एक ठाम समजूत होती: आपण व्हायकिंगांचे, म्हणजे स्कँडिनेव्हियातून बोटींनी आलेल्या लढवय्यांचे वंशज. सासऱ्यांना, मी त्यांना डॅड म्हणते, त्यांच्या आजोबांनी तसं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते माझ्या नवऱ्याला सांगितलं. डॅड जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेले. मापात हजाराव्या भागाचा फरक पडला तरी त्यांना खपायचं नाही. ऐंशीच्या जवळ आल्यावर एकदा ते म्हणाले, "हे खरं आहे की नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतो आपण, ते कुणीतरी नीट शोधायला हवं." मी ते मनावर घेतलं. माझे आजोबा तलाठी होते. जुन्या कागदावरची नावं बोटाने एकेक करून वाचायची सवय मला त्यांच्यामुळे लागली. शिवाय माझी लेक हे आडनाव लावते, त्यामुळे ते जितकं त्यांचं तितकंच माझंही.

वंशावळीच्या कामाचा पहिला नियम असा की माहीत असलेल्या माणसापासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. व्हायकिंगांपासून सुरू करून खाली यायचं नाही, कारण तसं केलं तर हव्या त्या राजाच्या मांडीवर जाऊन बसता येतं. म्हणून डॅडचा जन्मदाखला, मग त्यांच्या वडिलांचा, मग आजोबांचा विवाहदाखला. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली, त्यामुळे तिथवरचा रस्ता बराच सरळ आहे. जोडीला दर दहा वर्षांची जनगणना. १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची १९४२ साली आगीत जळून गेली, तिची उणीव १९३९ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाल्यावर केलेल्या नोंदवहीने थोडीफार भरून निघते. १९११ च्या जनगणनेचे कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले तक्ते जपलेले आहेत. डॅडच्या आजोबांचं अक्षर मी तिथे पहिल्यांदा पाहिलं आणि त्याची प्रत काढून डॅडना दिली. ते बराच वेळ ती हातात धरून बसले होते. ज्यांनी व्हायकिंगांची गोष्ट सांगितली त्यांचंच ते अक्षर.

लीड्समधल्या पिढ्या भराभर मागे गेल्या: यंत्रशाळा, त्याआधी तागासारख्या फ्लॅक्सच्या गिरण्या. अडथळा आला १८४१ च्या जनगणनेत. त्या साली वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहीत, आणि जन्मस्थळ म्हणून फक्त 'याच काउंटीत, हो की नाही' एवढंच. सुदैवाने आमचा माणूस १८५१ पर्यंत जगला, आणि त्या जनगणनेत पहिल्यांदा जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, लिहिली गेली. तिथे शब्द होता फ्यूस्टन.

फ्यूस्टन लीड्सच्या उत्तरेला, वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात. हॅरोगेटहून पश्चिमेकडे निघालं की लवकरच उतारांवर दगडी कुंपणांची शेतं लागतात आणि खाली पाणी दिसतं. मी ते गाव तोवर फक्त फिरायला जायची जागा म्हणून ओळखत होते. आता नकाशावर बोट ठेवून त्या पॅरिशची हद्द पाहिली, तर तिच्यात ग्रेट टिंबल नावाचं खेडं होतं. इंग्लंडच्या आडनावांवरचे कोश थॅक्रेच्या नोंदीखाली एकमताने हेच सांगतात: यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या भागातल्या ग्रेट टिंबलजवळची थॅक्रे नावाची जागा, आता फ्यूस्टनच्या जलाशयाखाली बुडालेली.

म्हणजे हे आडनाव आपल्या पनवेलकर, सातारकरांच्या जातीचं. त्या जागेवरचा माणूस दुसरीकडे गेला की लोक त्याला त्या जागेच्या नावाने ओळखू लागले. मध्ययुगीन लॅटिन नोंदींत अशा नावांपुढे 'दे' लावलेलं असतं, अमक्या ठिकाणचा. थॅक्रेची जुनी रूपंही तशीच 'दे' लावून येतात. पुढे तो 'दे' गळाला आणि जागेचं नावच आडनाव होऊन राहिलं. इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरेने चालू लागण्याची प्रक्रिया १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर हळूहळू सुरू झाली आणि सामान्य शेतकऱ्यांपर्यंत पोचायला १४ वं शतक उजाडलं. उत्तरेत तर त्याहूनही उशीर झाला. १३७९ चा डोईपट्टीचा कर गोळा करताना वेस्ट रायडिंगमधल्या गावोगावच्या माणसांच्या याद्या झाल्या. गरीब जोडप्यालाही किमान चार पेन्स पडत. त्या याद्या बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहिल्या हे यॉर्कशरच्या वंशावळकारांचं मोठं भाग्य. त्या वाचताना आडनावं अजून ओली आहेत हे कळतं: एकच माणूस कधी धंद्याने, कधी बापाच्या नावाने, कधी शेताच्या नावाने लिहिलेला.

इथे व्हायकिंगांचा पहिला पेच सुटतो. व्हायकिंगांनी आडनावं आणलीच नाहीत, कारण त्यांच्याकडे ती नव्हती. बापाचं नाव लावायची रीत होती, आइसलंडमध्ये ती आजही चालते. डेन्मार्कने कायमचं कौटुंबिक नाव सक्तीचं केलं १८२८ ला, स्वीडनमध्ये तसा नियम १९०१ ला आला, नॉर्वेत १९२३ ला. त्यामुळे नवव्या शतकातल्या कुणा डेनचं, म्हणजे डेन्मार्कहून आलेल्या व्हायकिंगाचं, आडनाव थॅक्रे होतं आणि ते त्याने बोटीतून आणलं, असं होऊच शकत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या जॉन्सन, रॉबिन्सन अशा 'सन'वाल्या नावांबद्दलही हीच चूक सर्रास होते. ती नावं बहुतेक १३ व्या-१४ व्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्या घरांत तयार झाली. 'सन' जोडायची सवय डेनांच्या मुलखात जास्त रुजली असेल, पण तेवढ्यावरून घराण्याचं मूळ ठरत नाही.

मग शोध आडनावाचा उरला नाही, जागेच्या नावाचा झाला. आणि तिथे मात्र डॅडच्या आजोबांचं म्हणणं पूर्ण पोकळ नव्हतं.

थॅक्रे हे दोन जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या, शब्दांचं जोडनाव मानतात. पहिला 'थाक', म्हणजे छप्पर, छप्पर शाकारायचं गवत, बोरू. दुसरा 'व्रा', म्हणजे कोपरा, आडबाजूची जमीन. नदीकाठची, शाकारणीचं गवत वाढणारी कोपऱ्यातली जागा. वॉशबर्नचा काठ पाहिला की यात काही ओढूनताणून वाटत नाही. स्वीडिशमध्ये छपराला आजही 'ताक' म्हणतात आणि कोपऱ्याला 'व्रो'. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला व्रो नावाचं गाव आहे. इंग्लंडमध्ये रे हे आडनाव, लँकशरमधलं रे हे गाव, कंब्रियातलं डॉक्रे, ही सगळी त्याच 'व्रा'ची लेकरं. आमच्याच नावाचं एक रूप अजून वापरात आहे, ज्यात मधला 'डब्ल्यू' टिकून राहिलाय, थॅक्व्रे. आमच्या घराण्यातल्या अठराव्या शतकातल्या एका नवऱ्याने विवाहनोंदीत सही करताना तसंच लिहिलंय, तर वरची नोंद करणाऱ्या पाद्रीने साधं थॅक्रे. १७५४ पासून लग्नाच्या छापील वह्या आल्या आणि वधूवरांच्या सह्या घेऊ लागले, म्हणून हे कळतं. ती सही पाहिली तेव्हा मला खरंच आनंद झाला. तो शेतकरी 'डब्ल्यू' उगाच लिहीत नव्हता. त्याच्या घरात नाव तसंच चालत आलं होतं.

पहिल्या शब्दातला 'क' तर फारच बोलका. जुन्या इंग्रजीतला छपराचा शब्द दक्षिणेत मऊ होत 'थॅच' झाला. उत्तरेत तो 'थॅक' राहिला. दक्षिणेला चर्च, उत्तरेला कर्क. दक्षिणेला डिच, उत्तरेला डाइक. जिथे डेन आणि नॉर्वेजियन वसले तिथल्या बोलीने हा कठीण उच्चार धरून ठेवला. यॉर्कशरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी 'थॅक' शब्द अगदी अलीकडेपर्यंत होता.

आजूबाजूची नावं पाहिली की खात्री वाढते. फ्यूस्टन हेच मुळी 'फोत' नावाच्या नॉर्स माणसाचं गाव. १०८६ च्या डूम्सडे बुकमध्ये, म्हणजे नॉर्मन राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, ते फोस्टुन असं लिहिलंय. शेजारचं हॅम्प्स्थ्वेट, त्यातलं 'थ्वेट' म्हणजे जंगल तोडून काढलेली मोकळी जमीन, नॉर्सच. हा सगळा भाग क्लॅरोच्या वापनटेकमध्ये मोडायचा. वापनटेक म्हणजे तालुक्यासारखा विभाग, शब्दशः शस्त्र उचलणं, सभेत हत्यार उंचावून संमती द्यायची रीत होती, तिच्यावरून. रायडिंग म्हणजे तिसरा हिस्सा, तोही त्याच भाषेतून. यॉर्कशरचा कारभारच कित्येक शतकं या शब्दांनी चालला.

इतिहासही जुळतो. ८६६ साली डेनांच्या मोठ्या सैन्याने यॉर्क घेतलं. ८७६ साली, अँग्लो-सॅक्सन बखरीत लिहिल्याप्रमाणे, त्यांचा सरदार हाफदान याने नॉर्थंब्रियाची, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या राज्याची, जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ते नांगर धरून पोट भरू लागले. मला या सगळ्या शोधात आवडलेली ओळ हीच. लुटारू म्हणून आलेली माणसं एका वाक्यात शेतकरी होतात. शेवटचा नॉर्स राजा एरिक ९५४ ला यॉर्कमधून हाकलला गेला, पण शेतकरी कशाला जातील? यॉर्कमधल्या कॉपरगेटच्या उत्खननात, १९७६ ते ८१ मध्ये, त्या काळाच्या शहराचा एक भाग चिखलात जपलेला सापडला: लाकडी घरं, चामड्याचे जोडे, लाकडी वाट्या करणाऱ्यांची दुकानं. कॉपरगेट म्हणजे वाट्या करणाऱ्यांचा रस्ता. तिथलं 'गेट' दरवाजा नव्हे, नॉर्स 'गाता', रस्ता.

एवढं हाती आल्यावर कुणालाही वाटेल की काम झालं. नवऱ्याला तसंच वाटलं. माझं मन मात्र तयार होईना, आणि त्याचं कारण सांगायला हवं, कारण आडनावाचा माग काढणारे बरेच जण इथेच थांबतात.

डेन वसले ९ व्या-१० व्या शतकात. आडनाव चिकटलं त्यानंतर तीन-चारशे वर्षांनी. मधल्या काळात नॉर्स शब्द उत्तरेच्या इंग्रजीत पूर्ण मुरले. 'व्रो' हा मध्ययुगीन उत्तर इंग्रजीत शेताच्या कोपऱ्यासाठी सर्रास वापरला जाणारा शब्द होता. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नाही असा शुद्ध इंग्रज शेतकरीही १२ व्या शतकात आपल्या काठच्या जमिनीला 'थॅक-व्रा' म्हणू शकत होता. शिवाय १०६९-७० च्या हिवाळ्यात नॉर्मन राजा विल्यमच्या सैन्याने उत्तर जाळून उद्ध्वस्त केली. डूम्सडे बुकमध्ये यॉर्कशरच्या पानोपानी 'ओसाड' असा शेरा आहे. त्यानंतर ओस पडलेल्या जमिनीवर कोण कुठून येऊन बसलं, कोण सांगणार? जागेचं नाव नॉर्स, पण ज्याला त्या जागेवरून आडनाव मिळालं तो माणूस कुणाच्या रक्ताचा, हे नाव सांगत नाही.

यावर माझ्या माहेरच्या बाजूने एक दाखला आहे, आणि तो मी डॅडना मुद्दाम सांगितला. फ्यूस्टनच्या शेजारच्या हॅम्प्स्थ्वेटमधून थॅकरे घराण्याची एक शाखा १८ व्या शतकात शिकून बाहेर पडली. त्यातला थॉमस थॅकरे हॅरो शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्याचा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सिल्हेटला गेला, नातू रिचमंड कलकत्त्यात कंपनीचा अधिकारी, आणि पणतू विल्यम मेकपीस थॅकरे, इंग्रजी कादंबरीकार, १८११ साली कलकत्त्यातच जन्मला. त्या कादंबरीकाराच्या लेखनावरच्या प्रेमापोटी केशव सीताराम ठाकरे, म्हणजे आपले प्रबोधनकार, यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासारखं केलं, असं सांगितलं जातं. घराणं रायगडातल्या पनवेलचं, मराठी आडनाव स्वतःचं, पण रोमन लिपीत ते ज्या अक्षरांनी लिहिलं जातं ती वॉशबर्नच्या काठच्या गवताळ कोपऱ्याची. रक्ताचा एक थेंबही न जाता एक नॉर्स जोडनाव दादरपर्यंत पोचलं. डॅडनी हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे टिंबलपासून मुंबईपर्यंत नाव एकटंच जाऊ शकतं, तर डेन्मार्कपासून टिंबलपर्यंतही जाऊ शकतं." मुद्दा त्यांनी माझ्यापेक्षा नेमका मांडला.

रक्ताचा प्रश्न उरला म्हणून डॅडनी डीएनए चाचणी करून घेतली. पहिली साधी, लाळ पाठवून 'इतके टक्के अमुक' सांगणारी. तिच्यात स्कँडिनेव्हियाचे टक्के आले, पुढच्या वर्षी कंपनीने हिशोबाची पद्धत सुधारली आणि तेच टक्के निम्म्याहून खाली गेले. लाळ तीच, माणूस तोच. या टक्क्यांवर कुणी घराण्याचा इतिहास उभा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या लोकांच्या नमुन्यांशी केलेली ती तुलना असते, आणि हजार वर्षांमागचे हजारो पूर्वज एका आडनावाच्या धाग्यात मावत नाहीत.

कामाची चाचणी वाय गुणसूत्राची. ते बापाकडून मुलाकडे जातं, इंग्लंडात आडनावासारखंच. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली चाळीस ब्रिटिश आडनावांचा अभ्यास करून दाखवलं की दुर्मीळ आडनावाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांतही वाय गुणसूत्र बऱ्याचदा एकाच वळणाचं निघतं, तर स्मिथसारख्या सगळीकडे उगवलेल्या नावांत तसं काही दिसत नाही. थॅक्रे एका जागेचं नाव, म्हणून आशा होती. डॅडच्या वाय गुणसूत्राचा गट निघाला आय-१. इंटरनेटवर या गटाला बिनदिक्कत 'व्हायकिंग गट' म्हणतात. नवऱ्याने तर फोन करून भावाला कळवूनही टाकलं.

आय-१ स्कँडिनेव्हियात खरोखर खूप आहे, साधारण एक तृतीयांश पुरुषांत. पण तो उत्तर जर्मनी आणि नेदरलँड्समध्येही आहे, आणि व्हायकिंगांच्या चारशे वर्षं आधी, ५ व्या-६ व्या शतकात, जे अँगल आणि सॅक्सन इंग्लंडात आले ते नेमके त्याच किनाऱ्यावरून. अँगल लोकांचा मूळ प्रदेश तर आजच्या डेन्मार्कच्या सीमेला चिकटून आहे. म्हणून डेन आणि अँगल यांना रक्तावरून वेगळं काढणं फार अवघड. २०१५ साली 'पीपल ऑफ द ब्रिटिश आइल्स' या प्रकल्पाने, ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच परिसरात जन्मले अशा २,०३९ ग्रामीण लोकांचे डीएनए तपासले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर नॉर्वेचा वाटा चतुर्थांशाच्या आसपास निघाला. डेनांच्या ताब्यातल्या इंग्लंडमध्ये मात्र त्यांचा स्पष्ट ठसा मिळाला नाही. त्यावर वादही झाला. जेन केर्शॉ आणि एलेन रोइर्विक यांनी दुसऱ्याच वर्षी तोच डीएनए आणि शेतांत सापडणारे नॉर्स धाटणीचे दागिने एकत्र ठेवून २० ते ३५ हजार डेन वसले असावेत असा अंदाज मांडला. ते दागिने बायकांच्या कपड्यांना लावायचे, साधे, रोजचे. म्हणजे नुसते सैनिक आले नव्हते, बायकाही आल्या होत्या. मला हा पुरावा कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त पटतो.

आणखी एका अभ्यासाने मला वाट दाखवली. २००८ साली वायव्य इंग्लंडमधल्या विरल द्वीपकल्पात आणि पश्चिम लँकशरमध्ये संशोधकांनी आज तिथे राहणारे वाटेल ते पुरुष न घेता, १६०० च्या आधीच्या त्या भागातल्या याद्यांत जी आडनावं आहेत, ती आजही लावणारे पुरुष निवडले. तसं केल्यावर स्कँडिनेव्हियन वाटा कितीतरी ठळक झाला. औद्योगिक क्रांतीतली सरमिसळ त्या जुन्या आडनावांनी गाळून काढली. म्हणजे कागद आणि गुणसूत्र एकमेकांना जोडून वाचायला हवेत. मी पुन्हा कागदांकडे वळले.

फ्यूस्टनच्या परिसरात थॅक्रे म्हणजे वाळूत वाळू. दर पिढीला जॉन, थॉमस, विल्यम. एकाच दशकात दोन थॉमस थॅक्रे, दोघांच्या बायकांचं नाव मेरी. चर्चची बाप्तिस्म्याची नोंद 'थॉमसचा मुलगा जॉन' एवढंच सांगते. त्यात १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारीतला बाप्तिस्मा कुठल्या सालचा हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. गाठ सुटली मृत्युपत्रामुळे. फ्यूस्टन, टिंबल हा सगळा मुलूख नेअर्सबरोच्या राजवनात, म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या मुलखात, मोडायचा, आणि तिथल्या लोकांची मृत्युपत्रं नेअर्सबरोच्या दरबारात नोंदली जात. त्यातली जुनी, उत्तर इंग्लंडचे जुने कागद छापणाऱ्या सर्टीज सोसायटीने १९०२ आणि १९०५ साली छापली, नंतरची अभिलेखागारात आहेत. एका थॉमसने आपला माग आणि 'माझ्या भावाचा मुलगा जॉन' याला एक गाय ठेवली होती. त्या एका वाक्याने दोन थॉमस वेगळे झाले. तो माग विणकाराचा. शेती थोडी, जोडीला कापड, हा या खोऱ्यांचा जुना संसार.

असं करत आमची ओळ १६६० च्या दशकापर्यंत पोचली. १६७२ च्या चूलपट्टीच्या, म्हणजे घरातल्या चुली मोजून घेतलेल्या कराच्या, यादीत क्लॅरो वापनटेकच्या पानांवर थॅक्रे आहेत, एका चुलीचे, क्वचित दोन चुलींचे. त्याच्या मागे यादवी युद्धाची वर्षं, ज्या काळात चर्चच्या वह्या जागोजाग तुटलेल्या.

जलाशयाकडे आम्ही सगळे गेलो ते २०२२ च्या उन्हाळ्यात, यॉर्कशरमध्ये नळाच्या पाइपने बागेला पाणी घालायला बंदी होती तेव्हा. लीड्स शहर वाढलं, पाणी पुरेना, म्हणून महापालिकेने वॉशबर्नच्या खोऱ्यात ओळीने धरणं बांधली: लिंडली वुड, स्विन्स्टी, आणि १८७९ ला फ्यूस्टन. आमचा जो पूर्वज फ्यूस्टन सोडून लीड्सच्या गिरणीत गेला, त्याच्याच मुलाबाळांसाठी मागची दरी पाण्याखाली गेली. मी १८५० च्या सुमाराचा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याचा मोठा नकाशा छापून नेला होता. त्यात जलाशय नाही. नदी आहे, गिरणी आहे, बांधांनी तुकडे केलेली शेतं आहेत. डॅडनी तो कठड्यावर पसरला आणि ग्रेट टिंबलची हद्द बोटाने फिरवून आम्हाला दाखवली. पाणी बरंच उतरलं होतं, काठाला कुंपणाच्या दगडांच्या रांगा उघड्या पडल्या होत्या. चर्चच्या आवारात आडनावाचे दगड आहेत. लेकीने त्यातलं सगळ्यात जुनं वाचता येणारं साल शोधून काढलं.

डॅडना मी एक फाइल करून दिली आहे. तिच्यात पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत. आडनाव टिंबलच्या जागेवरून आलं, हे पक्कं. त्या जागेचं नाव नॉर्स शब्दांचं, हेही पक्कं म्हणावं इतकं भक्कम. घराणं डेन्मार्क किंवा नॉर्वेतून आलं, ही शक्यता, डीएनएला मान्य असलेली, पण त्याने सिद्ध न केलेली. 'शक्यता' या शब्दाखाली डॅडनी पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "हे पक्कं व्हायला काय लागेल?"

दोन गोष्टी लागतील. 'डब्ल्यू'वाल्या थॅक्व्रे शाखेतल्या एका गृहस्थांनी वाय चाचणीची तयारी दाखवली आहे. दोघांचा आय-१ एकाच बारीक फांदीवर आला, तर निदान आडनाव घेणारा मूळ माणूस एकच होता हे कळेल, आणि त्या फांदीचे जुळणारे नमुने डेन्मार्ककडे जास्त आहेत की उत्तर जर्मनीकडे, हे पाहता येईल. दुसरी गोष्ट नेअर्सबरोच्या दरबाराच्या गुंडाळ्या. राजवनातली जमीन एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दरबारात नोंद व्हायची, आपल्या फेरफारासारखी. त्या लॅटिन गुंडाळ्या १४ व्या शतकापासूनच्या लंडनच्या क्यूमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १३४९ च्या प्लेगात मेलेल्यांच्या जमिनी कुणाला गेल्या, तेही त्यांत आहे. अभिलेखागाराचे लॅटिनचे आणि जुनं अक्षर वाचायचे मोफत धडे मी सुरू केलेत. ऑक्टोबरच्या सुट्टीत क्यूला जायचं ठरलंय. डॅड म्हणतात, लॅटिन मला येत नाही, पण थॅक्रे मला कुठल्याही अक्षरात ओळखू येईल, मीही येणार.